नवी जाती की नवी प्रजाती?

प्रश्न असा आहे: 'आंबोलीच्या हिरण्यकेशीत माशाची नवी प्रजाती सापडली, असं वर्तमानपत्रात वाचलं. मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती असा उतरता क्रम आहे, म्हणजे प्रजाती हा जातीच्या वरचा गट झाला. मग आंबोलीत नक्की काय सापडलं? आणि हापूस ही आंब्याची जात म्हणायची की प्रजाती?'

मुलीचं पुस्तक बरोबर आहे. शास्त्रीय मराठीत प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज. आंबोलीत सापडली ती जाती. हापूस या दोन्हींत बसत नाही, तो वाण.

आधी मासा घेऊ. त्याचं नाव शिस्टुरा हिरण्यकेशी. हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी देवळाचं कुंड आहे, तिथला हा मासा २०२० साली शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. यातलं शिस्टुरा हे प्रजातीचं नाव एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेलं आहे आणि त्या नावाखाली मोठा गोतावळा आहे. नवं निघालं ते त्यातलं एक घर. त्यामुळे 'नवी प्रजाती' हा मथळा पाठ्यपुस्तकाच्या भाषेत वाचला, तर शोध आहे त्यापेक्षा एक पायरी मोठा होतो.

खरोखरच नवी प्रजाती सापडते तेव्हा काय होतं, ते केरळातल्या जांभळ्या बेडकावरून कळेल. इडुक्की जिल्ह्यातला हा बेडूक २००३ साली नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस या नावाने प्रसिद्ध झाला. तो आधीच्या कुठल्याच प्रजातीत बसेना, म्हणून नवी प्रजाती करावी लागली. आधीच्या कुठल्या कुलातही बसेना, म्हणून कुलही नवं केलं. जाती, प्रजाती, कुल, तिन्ही एका दमात नवी. अशा बातमीला 'नवी प्रजाती' म्हणायचं, तर आंबोलीच्या माशाला दुसरा शब्द हवाच.

जातीची ओळख शाळेत शिकवतात ती अशी: ज्यांचा आपसात संकर होऊन होणारी पिल्लंही पुढे प्रजननक्षम असतात, ती एका जातीची. घोडा आणि गाढव यांची प्रजाती एकच, एक्वस, पण जाती दोन. त्यांचं खेचर होतं, पण ते वांझ. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराच्या वाट्याला ६३ येतात आणि बीजपेशी बनताना त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत. ही कसोटी सगळीकडे चालत नाही. वनस्पतींत वेगवेगळ्या जातींचे संकर सर्रास फळतात आणि जिवाणूंना तर ती लावताच येत नाही. तरी प्रजाती आणि जाती यांतलं अंतर समजायला खेचर पुरेसं आहे.

'वाघ ही प्रजाती धोक्यात' हे वाक्यही रोजचं झालं आहे. वाघाची प्रजाती पँथेरा, आणि पँथेरात वाघ, सिंह, बिबट्या, हिमबिबट्या आणि जॅग्वार अशा पाच जाती येतात. वाक्य शब्दशः घेतलं तर पाचही धोक्यात आले. बिबट्याशी ज्याची नेहमी गल्लत होते तो चित्ता मात्र या पाचांत नाही. त्याचं मार्जार कुल तेच, प्रजाती वेगळी: ॲसिनोनिक्स.

'प्रजाती' स्पीशीज या अर्थाने रुळली कशी? माझ्या मते दोन कारणं. हिंदी बातम्यांत प्रजाति म्हणजे स्पीशीज, आणि जीनसला हिंदी पाठ्यपुस्तकं वंश म्हणतात. हिंदीवरून मराठी करताना प्रजाति जशीच्या तशी उतरते, फक्त वेलांटी दीर्घ होते. दुसरं कारण म्हणजे 'जात' म्हटलं की आपल्याला दाखल्यावरची जात आठवते. बेडकाची जात छापायला उपसंपादक कचरतो आणि 'प्र' लावून मोकळा होतो. मराठीने जीनसला वंश म्हटलं असतं, तर प्रजाती मोकळी राहिली असती आणि हा गोंधळ टळला असता. विश्वकोशात वंश आणि प्रजाती दोन्ही भेटतात. पण शाळा प्रजाती शिकवते, त्यामुळे आता तीच धरून चालावं.

व्युत्पत्ती इथे न्याय करायला येत नाही. संस्कृतात प्रजाति म्हणजे संतती होणं, वाढणं. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत 'प्रजातिश्च स्वाध्यायप्रवचने च' असं येतं आणि शांकरभाष्य तिथे अर्थ देतं नातवंडं होणं. जीनसही नाही, स्पीशीजही नाही. न्यायसूत्रांतलं 'समानप्रसवात्मिका जातिः' हे वचनही कुणी कुणी प्राचीन जीवशास्त्र म्हणून पुढे करतं. तिथला प्रसव बाळंतपणाचा नाही. अनेक गाई पाहून 'ही गाय' अशी सारखीच बुद्धी जी उत्पन्न करते ती जाति, असं ते तर्कशास्त्र आहे. दोन्ही शब्दांचे जीवशास्त्रातले अर्थ ठरवून दिलेले आहेत, तेव्हा ते ठरल्याप्रमाणेच वापरायचे.

आता पुस्तकातल्या तक्त्याबद्दल. त्यात प्रजाती: मँजिफेरा, जाती: इंडिका असं दोन रकान्यांत छापलेलं असतं आणि मुलं पाठ करतात की आंब्याची जाती इंडिका. इंडिका हे एकटं कशाचंच नाव नाही. कडुनिंब ॲझॅडिरॅक्टा इंडिका, चिंच टॅमॅरिंडस इंडिका, आणि आपला राज्यप्राणी शेकरू रॅटुफा इंडिका. तीन झाडं आणि एक खार, चौघांची जाती एकच म्हणायची का? जातीचं नाव म्हणजे दोन्ही शब्द मिळून. दुसरा शब्द नुसतं विशेषण आहे, 'भारतातली' एवढाच त्याचा अर्थ, आणि तोही नेहमी खरा असतो असं नाही. चिंच मूळची आफ्रिकेतली.

विशेषण असल्यामुळे ते लिंगानुसार बदलतंही. मराठीत जसं काळा, काळी, काळं, तसं लॅटिनमध्ये इंडिकस, इंडिका, इंडिकम. वशिंडाचा गाय-बैल बॉस इंडिकस, आंबा मँजिफेरा इंडिका, तीळ सेसॅमम इंडिकम. चिंच 'टॅमॅरिंडस' असूनही 'इंडिका' का घेते, तर लॅटिनमध्ये झाडांची नावं, शेवटी '-अस' असलं तरी, बहुधा स्त्रीलिंगीच धरतात. ज्यांच्या मातृभाषेत तीन लिंगं आहेत, त्यांना हे पाठ करायला लागू नये.

जाती तीच राहून प्रजाती बदलते, असंही होतं. 'ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी' म्हणतात, पण शास्त्रात बाभळीचं गावच बदललं. जुन्या पुस्तकांत बाभूळ अकेशिया निलोटिका आहे. अकेशिया ही अवाढव्य प्रजाती फोडायची ठरली तेव्हा नाव कुणाकडे राहावं यावर बराच वाद झाला. २००५ च्या व्हिएन्ना वनस्पतिशास्त्र परिषदेत ते ऑस्ट्रेलियाकडच्या जातींसाठी राखलं गेलं. आपली बाभूळ झाली वाचेलिया निलोटिका आणि खैर झाला सेनेगालिया कॅटेचू. कोकणात सामाजिक वनीकरणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अकेशियाच राहिली! शेतातलं झाड जसं होतं तसंच आहे. त्याच्या नावाचा पहिला शब्द बदलला, दुसरा तसाच राहिला. म्हणूनच दोन संदर्भांत नावं वेगळी दिसली, तर आधी दुसरा शब्द जुळतो का ते पाहावं.

हापूसचा प्रश्न राहिला. हापूस, पायरी, केशर, तोतापुरी ही सगळी मँजिफेरा इंडिका या एकाच जातीतली लागवडीची रूपं, म्हणजे वाण. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रत्ना हा नीलम आणि हापूस यांचा संकर, तोही याच जातीतला, म्हणून त्याला संकरित वाण म्हणायचं. वाण टिकतो तो कलमाने. हापूसची कोय रुजवली, तर परागीभवनात कोणाचा हात लागला त्यावर फळ ठरतं. ते हापूससारखं निघेलच असं नाही. म्हणूनच कोयीवर वाढलेला रायवळ हा वाणसुद्धा नाही, त्याचं प्रत्येक झाड निराळं.

बोलताना 'आंब्याच्या जाती' किंवा 'भाताच्या सुधारित जाती' म्हणायला हरकत नाही. कृषी खात्याच्या पत्रकांतही तेच असतं आणि शेतकऱ्याला त्यात कुठे अडत नाही. ज्या मजकुरात स्पीशीजही येणार आहे, तिथे मात्र वाणच लिहा. जनावरांना वाण फारसा शोभत नाही. खिल्लार, देवणी, डांगी या गाईच्या जातीच म्हटल्या जातात. तिथे 'पाळीव जाती' किंवा 'गोवंश' लिहिलं की संदर्भ सांभाळला जातो. 'प्रजाती' तेवढी टाळा. खिल्लार ही प्रजाती म्हणजे दोन पायऱ्यांची चूक.

लिहिताना अडतं ते एकवचनाला. रोजच्या मराठीत एक जात, अनेक जाती. शास्त्रीय 'जाती' तत्सम, तिचं एकवचनही जाती आणि अनेकवचनही जाती. त्यामुळे 'माशाची जाती' कानाला खटकते. वचन विशेषणातून आणि क्रियापदातून दाखवायचं: 'नवी जाती सापडली', 'नव्या जाती सापडल्या'. बातमीत 'माशाची नवी जात सापडली' लिहिलं तरी चुकत नाही, पुढच्याच वाक्यात शास्त्रीय नाव दिलं की झालं. ते नाव तिरक्या ठशात द्यावं. देवनागरीत मोठी-छोटी लिपी नसल्याने शास्त्रीय नाव कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते दाखवायला तेवढीच खूण उरते. वाघाचं पँथेरा टायग्रिस दुसऱ्यांदा येताना पँ. टायग्रिस असं आखूड करता येतं, पण मजकुरात 'पँ'ने सुरू होणारी आणखी प्रजाती असेल तर ते टाळावं.

वेलांटीचंही पाहा. सुटा शब्द जाती, प्रजाती असा दीर्घ, पण समासात पहिलं पद आलं की ऱ्हस्व: जातिनाम, प्रजातिनाम, जातिवाचक. आणि स्पीशीजच्या खालच्या पायरीला उपजाती म्हणायचं. 'शेकरूच्या उपप्रजाती' असं छापलेलं दिसतं, त्याचा अर्थ प्रजाती आणि जाती यांच्या मधला गट असा होतो आणि तो तिथे अभिप्रेत नसतो.