दान केलेली त्वचा किती दिवस टिकते?

प्रश्न : माझ्या आत्याला (वय ७८) नेत्रदानासोबत त्वचादानही करायचं आहे. तिला मधुमेह आहे, तरी चालेल का? शरीर विद्रूप होतं का? आणि ती त्वचा दुसऱ्याच्या अंगावर कायमची राहते का?
– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : शेवटच्या प्रश्नाबद्दल गैरसमज फार, म्हणून तो आधी घेऊ. त्वचा कायमची राहत नाही. साधारण २ ते ३ आठवड्यांत भाजलेल्या रुग्णाचं शरीर ती परकी म्हणून टाकून देतं. पण तेवढ्या दिवसांवरच जीव वाचणं अवलंबून असतं. अर्ध्याहून जास्त अंग भाजलं की उघड्या जखमांतून पाणी, क्षार, प्रथिनं झिरपत राहतात आणि जंतू आत शिरतात. दानाची त्वचा ही गळती रोखते, वेदनाही कमी करते. दरम्यान रुग्णाच्याच मांडीवरून पातळ थर काढून, त्याला जाळीसारखी भोकं पाडून, ताणून तिप्पट जागा झाकता येते. केसांच्या मुळांशी उरलेल्या पेशींपासून मांडीवर १० ते १४ दिवसांत नवी कातडी येते आणि तिथूनच पुन्हा थर घेता येतो. रुग्णाच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत कातडी वाढवता येते, पण तिला ३ आठवडे लागतात आणि खालचा जाड थर नसल्याने ती फार नाजूक असते. तोवर जखम उघडी कशी ठेवणार?

मधुमेह, रक्तदाब आड येत नाहीत. एचआयव्ही, बी किंवा सी कावीळ, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, त्वचेचा कर्करोग असेल तर त्वचा घेत नाहीत. रक्तगट जुळवावा लागत नाही.

विद्रूपतेची भीती नको. मांड्या, पाय आणि पाठीवरून जेमतेम ०.३ मिलिमीटरचा थर निघतो. रक्त वाहत नाही, वर पट्ट्या बांधून देतात. पाऊण तासाचं काम. पुढे ही त्वचा ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये, ४ ते ८ अंश तापमानात ५ वर्षांपर्यंत टिकते.

दान हुकतं ते वेळेमुळे. मृत्यूनंतर ६ तासांच्या आत त्वचा काढावी लागते. बाहेरगावची माणसं पोहोचेपर्यंत घरचे थांबतात आणि त्वचापेढीची आठवण येते ती वैकुंठ स्मशानभूमीत न्यायच्या वेळी. म्हणून डॉक्टरांकडून मृत्यूचा दाखला मिळवतानाच पेढीला फोन करा. डोळ्यांसाठी पंखा बंद ठेवा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा. आत्यांनी अर्ज भरलेला नसला तरी अडत नाही. जवळच्या नातेवाइकाची संमती आणि दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र लागतात. तेव्हा सही करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला आत्यांनी आपली इच्छा आजच स्वतःच्या तोंडाने सांगावी, आणि पेढीचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये असू द्यावा.