तो आत काहीच बोलत नाही

"मॅडम, तीन वेळा आणलं त्याला. आत बोलतो तरी का काही? की आम्ही उगाच खेपा घालतोय?" नऊ वर्षांच्या मुलाच्या आईने दारातच विचारलं. तो शाळेत जायला तयार नव्हता आणि का ते सांगतही नव्हता. मूल समुपदेशकापुढे तोंड उघडत नाही, ही काळजी मी सतत ऐकते. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत.)

तो खरंच बोलत नव्हता. जॅकेटची चेन वर-खाली, वर-खाली. शाळेचं नाव काढलं की चेन थेट हनुवटीपर्यंत. चौथ्या भेटीत मी विचारणंच सोडलं. समोर बसलं की मुलांना उलटतपासणी वाटते, म्हणून त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. कागदावर एक वेडीवाकडी रेघ ओढली. "याचं काहीतरी कर. मग तू ओढ, मी करते." डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक मुलांशी असा खेळ खेळायचे. यात बरोबर-चूक काही नसतं, त्यामुळे अबोल मुलालाही तो झेपतो. माझ्या रेघेची त्याने लिफ्ट केली. आत एक मुलगा, बटणं मात्र सगळी बाहेर.

"बटणं बाहेर आहेत," एवढंच मी म्हटलं.

"हं."

चार भेटींतला हा त्याचा पहिला आवाज.

मग आईला विचारलं, घरी जाताना काय बोलता? "हेच, बाईंनी काय विचारलं, तू काय सांगितलंस." गाठ इथे होती. आत बोललेलं वाटेतच काढून घेतलं जाणार असेल, तर मूल गप्पच राहणार. आईसमोरच मी त्याला सांगितलं, तुझं बोलणं माझ्यापाशी राहील. तुला कुणी इजा करतंय किंवा तू स्वतःला इजा करशील असं वाटलं, तरच मोठ्यांना सांगेन, तेही आधी तुझ्या कानावर घालून. आईकडे एवढंच मागितलं, की परतताना काही विचारायचं नाही. पालकांना हे फार जड जातं, मी पाहिलंय. निघताना "बाईंना सगळं सांग हं" हेही नको. "नाही बोलावंसं वाटलं तरी चालेल" म्हणा.

पुढच्या भेटीनंतर तिचा फोन आला, आवाज दाटलेला. अर्ध्या वाटेत त्यानेच विचारलं होतं, "आई, आज तू विचारलं नाहीस?"

"तुला वाटलं तर सांग," ती म्हणाली.

बराच वेळ तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग मधल्या सुट्टीबद्दल बोलायला लागला.