रुग्णाच्या नोंदीत फक्त ‘ह्यूमरस फ्रॅक्चर’ (खांदा ते कोपर या दंडाच्या हाडाचं फ्रॅक्चर) लिहिलं असेल तर कोड कसा ठरवायचा?

लगेच अनस्पेसिफाइड (तपशील न सांगणारा) कोड टाकू नका. आधी एक्स-रे रिपोर्ट आणि ऑपरेशनची नोंद वाचा, बरीचशी माहिती तिथेच मिळते. अमेरिकेच्या आयसीडी-१०-सीएम या आजार-दुखापतींच्या कोडयादीत हाडाचा खांद्याकडचा भाग एस४२.२, मधला दांडा एस४२.३ आणि कोपराकडचा भाग एस४२.४ मध्ये येतो. दांड्याच्या कोडात पुढचे अंक फ्रॅक्चर आडवं, तिरकं की सर्पिल, हाड सरकलंय का आणि हात डावा की उजवा हे सांगतात. उदाहरणार्थ, उजव्या हाताच्या दांड्याचं सरकलेलं, बंद (जखमेतून हाड उघडं न पडलेलं), आडवं फ्रॅक्चर म्हणजे एस४२.३२१ए.

उघडं की बंद हे लिहिलं नसेल तर बंद धरायचं, सरकलंय की नाही हे नसेल तर सरकलेलं. बाजू मात्र अंदाजाने कधीच भरू नका, डॉक्टरांना विचारा.

सर्वाधिक गोंधळ कोडच्या शेवटच्या, सातव्या अक्षराचा. ‘ए’ म्हणजे पहिली भेट नव्हे. सक्रिय उपचार चालू आहेत तोवर, डॉक्टर बदलले तरी, बंद फ्रॅक्चरला ‘ए’च राहतं. नंतरच्या नेहमीच्या तपासणीला ‘डी’, हाड जुळलंच नाही तर ‘के’, वाकडं जुळलं तर ‘पी’.

आणि वय जरूर बघा! ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) असलेल्या आजींचं हाड किरकोळ पडण्याने मोडलं, निरोगी हाड त्याने मोडलं नसतं, तर एस४२ नाही, एम८० गटातला कोड लागतो. दांड्याच्या फ्रॅक्चरमध्ये मनगट लुळं पडल्याची नोंद दिसली तर रेडियल नर्व्हला (दंडातून मनगटाकडे जाणाऱ्या नसेला) इजा आहे का हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. तिचा कोड वेगळा, एस४४.२ मध्ये.