ऑनलाइन लिलावात ‘युएनसी’ म्हणून लागलेला १८४० चा रुपया घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की १८४० चा राणीछाप रुपया एका ऑनलाइन लिलावात ‘युएनसी’, म्हणजे न वापरलेला, म्हणून लागलाय, फोटोत चकचकीत दिसतो, बोली चार हजारांपर्यंत जाईल असं वाटतं. पुसदकडच्या गावात बसून यावर पैसे टाकावेत का आणि ग्रेड खरी आहे हे ओळखायचं कसं?

भाऊ, नुसत्या त्या दोन फोटोंवर नका टाकू. आणि कारण नेमकं तेच आहे, ज्याने तुम्हाला भुरळ पडली: ती चकाकी.

आधी घाई काढून टाका. १८४० साल असलेला रुपया दुर्मीळ नाही. तेच साल ठेवून १८६२ पर्यंत हे रुपये पाडले गेले, कंपनी सरकार गेल्यावरही. राणीच्या डोक्याभोवतीचा मजकूर सलग असेल तर साचा आधीचा, डोक्यापाशी तुटत असेल तर नंतरचा. पुढे १८६२ सालाचंही तसंच झालं, ते कितीतरी वर्षं चालू राहिलं. त्यामुळे हा हुकला तर पुढच्या महिन्यात दुसरा दिसेल. याच्या किमतीत सालाचा वाटा थोडा, अवस्थेचा जास्त. म्हणून तर विकणारा ‘युएनसी’ हा शब्द इतक्या ठळक अक्षरांत लिहितो.

ग्रेड म्हणजे नाण्याच्या अवस्थेचा दर्जा, तिची पट्टी एक ते सत्तर. विल्यम शेल्डन या अमेरिकन माणसाने १९४९ साली तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी ती बसवली, आता जगभर चालते. साठ आणि वर म्हणजे व्यवहारात न फिरलेलं, युएनसी किंवा एमएस. पन्नास ते अठ्ठावन्न एयू, चाळीस-पंचेचाळीस एक्सएफ, त्याखाली व्हीएफ; आकडा उतरेल तशी झीज जास्त. पण ही ग्रेड दिली कोणी? विकणाऱ्याने. मंगरूळच्या बाजार समितीत हर्रास सुरू असताना व्यापारी सोयाबीनच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, दाणा दाताखाली धरतो, मग भाव बोलतो. इथे तुम्ही व्यापारी आहात आणि ढीग शेकडो किलोमीटरवर आहे. हात घालता येत नाही, म्हणून निदान मागता येतील तेवढे फोटो मागायचे.

कुठे पाहायचं? झीज उंच भागावर आधी बसते. या रुपयात राणीच्या कानावरचे केस, गाल आणि मागचा अंबाडा. केसांच्या बटा वेगवेगळ्या मोजता येत नसतील तर बाकी नाण्यावर कितीही चमक असू द्या, ते युएनसी नाही. पंचम जॉर्जच्या रुपयात कान, मिशी आणि झग्यावरच्या साखळीतला हत्ती पाहतात. (१९११ च्या रुपयात त्या हत्तीची सोंड आखूड पडली, लोकांना तो डुक्कर वाटला, बोंब झाली आणि सरकारला साचा बदलावा लागला. ‘डुकराचा रुपया’ म्हणून आज तोच जास्त भावाने जातो.)

आता चकाकी. टांकसाळीत ठोसा बसतो तेव्हा धातू मधून कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. नाणं कलतं करत फिरवलं की उजेडाचा पट्टा त्यांच्यावरून गोल गोल फिरतो. उजळलेल्या नाण्यात त्या रेषा घासून गेलेल्या असतात; ते सगळीकडून सारखंच, सपाट चमकतं, आणि भिंगाखाली एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसतात. पावणेदोनशे वर्षांची चांदी पांढरीशुभ्र दिसत असेल तर मला तरी आनंद होत नाही, संशय येतो. करडी, निळसर, तपकिरी झाक असलेला झिजका रुपया मी उजळलेल्या ‘युएनसी’पेक्षा केव्हाही आधी घेईन.

आपल्या भागात तर हे जास्तच सांभाळायला हवं. इथले कलदार पेटीत जितके राहिले तितकेच गळ्यात राहिले. बंजारा, गोंड बायांच्या गळ्यातल्या रुपयांच्या माळा तुम्हीही पाहिल्या असतील. माळ मोडायला आली की सोनार कडी उतरवतो, सांध्याचा डाग कानशीने घासतो, रिठ्याने किंवा चिंचेने धुऊन देतो, आणि मग कोणीतरी तेच लिलावात लावतं. कडी बहुतेक राणीच्या डोक्याच्या बरोबर वर असते. त्या जागी कडेचे दाते बोथट किंवा गायब असतील, थोडा वेगळ्या रंगाचा डाग असेल, तर ते दागिन्यातून आलेलं नाणं. चांदी म्हणून घ्या, संग्रह म्हणून नको.

त्यामुळे विकणाऱ्याकडून तीन गोष्टी मागा: चारी बाजूंनी कडेचे फोटो, दोन दशांश दाखवणाऱ्या काट्यावरचं वजन, आणि खिडकीच्या उजेडात नाणं कलतं करत काढलेला छोटा व्हिडिओ. वजन ११.६६ ग्रॅम असायला हवं. चांदी ९१.७ टक्के, म्हणजे शुद्ध १०.६९ ग्रॅम. वापरातलं नाणं थोडं हलकं भरतं, पण ‘न वापरलेलं’ म्हणून विकलं जाणारं हलकं कसं? कडेवर मधोमध जोडाची रेघ किंवा पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसले तर ते ओतीव, नकली. चुंबकाचा उपयोग मर्यादित आहे, आणि १९४७ च्या रुपयाला तो चिकटतो म्हणून ते फेकून देऊ नका, ते निकेलचेच आहेत.

सीलबंद डबीतलं नाणं, म्हणजे पीसीजीएस किंवा एनजीसी या अमेरिकन ग्रेडिंग कंपन्यांची ग्रेड असलेलं, मिळालं तर निम्मं काम हलकं होतं. तरी डबीवरचा नंबर त्यांच्या संकेतस्थळावर घालून पाहाच, डब्याही नकली निघतात. ‘डिटेल्स’ (नाण्यात दोष) किंवा ‘क्लीन्ड’ (साफ केलेलं) लिहिलेलं असेल तर त्याला ग्रेडचा भाव नाही. स्वतःचं नाणं परदेशी पाठवून ग्रेड करायचा विचार असेल तर थांबा: शंभर वर्षांवरचं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही.

बोलीचा हिशेब उलटा करा. बोली सुटली त्यावर लिलावगृहाचं कमिशन, त्यावर जीएसटी, मग विमा उतरवलेल्या पार्सलचा खर्च. खिशात पाच हजार असतील तर बोली चारच्या आसपास थांबवा. आणि शेवटच्या मिनिटाला मोबाइल घेऊन बसू नका. आपल्याकडे नेमकी तेव्हाच लाइट जाते. बहुतेक ठिकाणी कमाल बोली आधी नोंदवता येते, समोरचा जेवढी वाढवेल तेवढीच पायरी ती तुमच्या वतीने वाढते.

तुम्ही शेवटी सातवाहन नाण्यांचंही विचारलं. वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये त्यांचा मोठा ठेवा निघाला होता, त्यामुळे आपल्याकडे ही हौस असणं साहजिक आहे. पण ‘शेतात आत्ताच सापडली’ म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या नाण्यांच्या वाटेला जाऊ नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. ‘तांदूळ ओढतं’ म्हणून खपवलं जाणारं चमत्कारी नाणं, रामदरबार असलेला १८१८ चा कंपनीचा आणा, हे तर सरळ थोतांड. कंपनीने असा आणा कधी पाडलाच नाही. आणि तुमचं पाच रुपयाचं नाणं लाखांत घेतो, आधी रिझर्व्ह बँकेचा कर भरा, असा फोन आला तर ठेवून द्या. असा कोणताही कर आम्ही घेत नाही, हे बँकेने २०२१ मध्येच जाहीर केलंय.

त्या रुपयाचे कडेचे फोटो आणि वजन आलं तर इथे टाका, मी पाहतो. विकणाऱ्याने द्यायला टाळाटाळ केली तर तेही सांगा, मग पाहायची गरजच नाही.