"काकू, माझा जीपीए ३.४ आहे, मी ऑनर्ससाठी विचारू तरी का?"

मागच्या एप्रिलमधली गोष्ट. (जीपीए म्हणजे तिकडची मार्कांची सरासरी, चारपैकी. ऑनर्स म्हणजे पदवीसोबत मिळणारा विशेष सन्मान.) माझ्याकडे सकाळचे साडेसात, तिच्याकडे अमेरिकेत रात्रीचे दहा. लिंग्विस्टिक्समध्ये, म्हणजे भाषाशास्त्रात, बीए करणारी मुलगी, तिसरं वर्ष संपत आलेलं, आईवडील मूळ सांगलीकडचे, ही वाढली तिकडेच पण मराठी छान बोलते. (तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) कॉल लागल्या लागल्या तिनं वर लिहिलेलं वाक्य म्हटलं आणि रडायलाच लागली. मैत्रिणींचे ३.९ आहेत म्हणे, आणि बाबा रोज विचारतात की ऑनर्स नाही मिळालं तर पीएचडीला कोण घेणार.

आता यात एक घोळ नेहमी होतो. सुम्मा, मॅग्ना, कम लाउडे हे पदवीवर लिहून येणारे सन्मान कॉलेज देतं, बहुतेक ठिकाणी सगळ्या विषयांच्या सरासरीवर. डिपार्टमेंटल ऑनर्स वेगळं, ते डिपार्टमेंट देतं आणि साधारणपणे मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे, मार्क आणि शेवटच्या वर्षात गाइडच्या हाताखाली केलेला थीसिस बघून देतं. कुठे सेकंड रीडर, म्हणजे थीसिस वाचणारे दुसरे प्राध्यापक, असतात, कुठे तोंडी परीक्षा, नियम प्रत्येक युनिव्हर्सिटीचे आपापले. म्हणून मी तिला म्हटलं, अगं आत्ताच्या आत्ता स्क्रीन शेअर कर आणि तुमच्या डिपार्टमेंटचा नियम उघड. अट होती मेजरमध्ये ३.५. मग लिंग्विस्टिक्सचे कोर्स तेवढे घेऊन हिशोब केला तर ३.७! पहिल्या वर्षी कॉम्प्युटर सायन्ससाठी घेतलेलं गणित आणि फिजिक्स सरासरी खाली ओढत होतं, त्याचा इथे संबंधच नव्हता. दोन महिने पोरगी भलत्याच आकड्यापायी झोप घालवून बसली होती.

मला वाटलं झालं, पण खरी भीती पुढेच होती. "प्रोफेसरना भेटून सांगू काय? माझ्याकडे टॉपिकच नाही." हे मी इतक्या मुलांकडून ऐकलंय ना, सगळ्यांना वाटतं टॉपिक पूर्ण तयार करून मगच दार वाजवायचं. मी विचारलं, घरात एवढ्यात कुणाचं बोलणं ऐकून तुझे कान टवकारले का? तर लगेच म्हणाली, हो, माझा सहा वर्षांचा चुलतभाऊ "मी पोळी खाल्लो" म्हणतो. आणि मग एका दमात सगळं सांगत सुटली, की भूतकाळात क्रियापद पोळीमागे जातं म्हणून खाल्ली, आंबा असेल तर खाल्ला, पण 'तो'ला ने लागून 'त्याने' होतं तसं 'मी'ला काहीच लागत नाही, मग त्याला वाटत असणार की मी गेलो, मी आलो तसंच मी खाल्लो. रडणं कुठल्या कुठे गेलं होतं, हात हलवून बोलत होती.

मग मेल लिहिला, पाचच ओळी. भावाचं 'मी पोळी खाल्लो' हे वाक्य, मला हे बघायचंय, ऑफिस अवर्समध्ये (प्रोफेसर विद्यार्थ्यांना भेटतात त्या वेळात) वीस मिनिटं मिळतील का. जीपीएचा उल्लेखही नाही.

बाबांशी वेगळं बोलले. त्यांना सांगितलं की पीएचडीचे अर्ज बऱ्याच ठिकाणी डिसेंबर-जानेवारीतच जातात, तेव्हा ऑनर्स हातात आलेलंही नसतं, तिथे उपयोगी पडतं ते थीसिसचं लिहिलेलं प्रकरण आणि हिचं काम जवळून बघितलेल्या सरांचं शिफारसपत्र. थीसिस अर्धवट राहिला तरी सहसा ऑनर्स तेवढं जातं, डिग्री अडत नाही. हे ऐकल्यावर ते बरेच शांत झाले.

एक गोष्ट मात्र तिला दोनदा बजावली. माणसांवर, त्यातून लहान मुलांवर संशोधन करायचं तर युनिव्हर्सिटीच्या आयआरबीची (संशोधनातल्या माणसांचं हित जपणाऱ्या समितीची) परवानगी लागते, साधारणपणे पालकांची लेखी संमती लागते, यात आठवडेच्या आठवडे जातात, म्हणून कागद उन्हाळ्यातच तयार करायचे. आधीच फोनवर केलेलं भावाचं रेकॉर्डिंग डेटा म्हणून खपेल असं तिला वाटत होतं, तसं सहसा चालत नाही.

प्रोफेसरनी बोलावलं आणि पहिलाच प्रश्न केला, घरात आणखी कोण असं बोलतं? ही गप्प. मग त्या रविवारी तिनं सोलापूरला आजोबांना फोन लावला, इकडच्या तिकडच्या गप्पा चालल्या होत्या, आणि आजोबा म्हणाले, "आत्ताच मी भाकरी खाल्लो बघ." सोलापूर-कोल्हापूरकडे असं बोलतातच की! डेक्कन कॉलेजनं मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण ऑनलाइन ठेवलंय तिथे जाऊन ती रात्रभर रेकॉर्डिंग ऐकत बसली. सकाळी मला मेसेज, "काकू, तो चुकत नसेलच कदाचित! आता हे थीसिसमध्ये कसं बसवू?"

मी लिहिलं, हे मला नको, सरांना विचार. या वेळी मेल तिनं एकटीनंच लिहिला.