भाऊ सीमेवरून घरी आलाय, रात्र-रात्र झोपत नाही, चिडतो. सोलापुरात कुठे दाखवायचं?

आधी सांगा, नोकरीत आहे की रिटायर? रस्ता तिथूनच फुटतो.

रिटायर असेल तर ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड काढलंय का बघा. २००३ पासूनची योजना आहे, मानसोपचारही त्यात येतो. कार्ड किंवा कागदपत्रं अडली असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

नोकरीत असेल तर ईसीएचएस नाही. त्याला युनिटच्या डॉक्टरला सांगावं लागेल, आणि तिथेच घोडं अडतं. 'कॅटेगरी डाऊन होईल, प्रमोशन जाईल' ही भीती. भीती अगदीच खोटी नाही. शेप (SHAPE) या फौजेच्या वैद्यकीय श्रेणीतलं पहिलं अक्षर मनाचंच आहे. पण श्रेणी तात्पुरतीही असते, बरं वाटल्यावर वर जाते. दडवून दारूला लागलेला जवान मात्र दोन्हीकडून जातो.

आमचे मामा हवालदार होते. गड्ड्याच्या जत्रेत शोभेचं दारूकाम सुरू झालं की खिडक्या लावून माजघरात बसायचे. कानात कापूस. आम्ही पोरं हसायचो! कुणी डॉक्टरकडे नेलं नाही.

आज रात्रीच बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. चोवीस तास, फुकट, मराठीतून. २०२३ च्या डिसेंबरात पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात, खास फौजींसाठीही त्याचा कक्ष सुरू झालाय. सिव्हिललाही मानसोपचार विभाग आहे.

मरायची भाषा करत असेल तर एकटं सोडू नका, तडक सिव्हिलला न्या. फोनाफोनी नंतर.