ठेव मोडून एडिटिंगचं सॉफ्टवेअर घ्यावं का?

प्रश्न: सांगलीत मारुती चौकाजवळ माझा फोटो स्टुडिओ आहे. वर्षाला ३० लग्नं करतो. एका लग्नाचे सुमारे तीन हजार रॉ फोटो (कॅमेऱ्यातल्या मूळ, न सुधारलेल्या फाइल) निघतात, त्यातले सहाशे पार्टीला द्यायचे असतात. रंग-उजेडाचं काम बाहेर देतो, त्याचे लग्नामागे ३,५०० रुपये जातात. आता खूप फोटो एकदम सुधारणारं सॉफ्टवेअर स्वतःच घ्यावं म्हणतो. अ‍ॅडोबीच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरची वर्गणी वर्षाला ११ हजारांच्या आसपास पडेल असं कळलं. दुसरं एक २८ हजार एकदाच भरून मिळतं. शिवाय ८० हजारांचा नवा लॅपटॉप. दीड लाखाची ठेव आहे, ती मोडू का?

उत्तर: ठेव मोडू नका. सॉफ्टवेअर घ्यायचा विचार मात्र बरोबर आहे, म्हणून हिशोब सविस्तर मांडतो.

बाहेरच्या एडिटिंगला तुम्ही वर्षाला १,०५,००० रुपये देता. त्यापुढे ११ हजार किरकोळ वाटतात, पण उरलेले ९४ हजार वाचले असं धरू नका. ते काम आता तुमच्या अंगावर येणार आहे. हळदीच्या मांडवातला एक फोटो नीट केला की तीच सेटिंग त्याच उजेडातल्या दीडदोनशे फोटोंवर एका फटक्यात चढते, हे खरं. पण हॉलमधले पिवळे दिवे, स्टेजवरचे रंगीत एलईडी, रात्रीची वरात, अशा प्रत्येक उजेडासाठी नवा नमुना करावा लागतो. आणि तीन हजारांतून सहाशे निवडायला डोळे तुमचेच लागतात. म्हणून एका लग्नाला किती तास जातात ते घड्याळ लावून मोजा आणि ३,५०० ला त्या तासांनी भागा. सात तास लागले तर तुम्ही तासाला ५०० रुपये कमावलेत. वीस तास लागले तर १७५ पडतात. मग बाहेर देणंच बरं, तो वेळ एखादी जास्तीची ऑर्डर धरण्यात घाला.

हे मोजायला खर्च नाही. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि रॉ फोटोंवर एकगठ्ठा काम करतात. डार्कटेबल हाताला बसायला वेळ लागतो, पण चातुर्मासात तुमच्याकडे वेळच आहे. गेल्या हंगामातलं एक लग्न त्यात करून बघा. मग लाइटरूमची सात दिवसांची मोफत चाचणी घ्या आणि तेच लग्न त्यातही करा. दोन्हींच्या तासांत फार फरक नसेल तर ११ हजारसुद्धा कशाला घालवायचे?

२८ हजारांच्या परवान्याबद्दल. अडीच वर्षांची वर्गणी तेवढीच होते, त्यापुढे परवाना स्वस्त, असा साधा हिशोब निघतो. पण उद्या नवा कॅमेरा घेतलात तर जुनी आवृत्ती त्याच्या रॉ फाइल उघडेलच असं नाही. रॉ फाइल डीएनजी या जुन्या सॉफ्टवेअरलाही चालणाऱ्या प्रकारात बदलणारं अ‍ॅडोबीचं फुकट डीएनजी कन्व्हर्टर वापरून पुष्कळदा वाट काढता येते, तरी कामाचा एक टप्पा वाढतो. पाचेक वर्षं कॅमेरा बदलायचा नसेल तरच परवान्याचा विचार करा. वर्गणीची भीती वाटते ती बंद केल्यावर जुनं काम अडकण्याची. लाइटरूम क्लासिकमध्ये (संगणकावरच्या आवृत्तीत) वर्गणी संपली तरी फोटो दिसतात, बाहेरही काढता येतात, फक्त नवी सुधारणा करता येत नाही. वर्षाचा करार करून दरमहा भरणार असाल तर मध्येच सोडल्यास दंड बसतो, तो आधी वाचा.

कराचं थोडक्यात: जीएसटी नोंदणी नसेल तर बिलावरचा १८ टक्के कर तुमच्याच खिशातून जातो. आणि उलाढालीच्या ६ किंवा ८ टक्के नफा दाखवून विवरणपत्र भरत असाल तर सॉफ्टवेअरचा खर्च वेगळा वजा होत नाही. ‘टॅक्समध्ये वाचेल’ म्हणून घेऊ नका.

लॅपटॉप यंदा नको. आहे त्यात जागा असेल तर रॅम १६ जीबी करा आणि एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा, ऐंशी हजारांच्या मानाने तो खर्च फारच थोडा आहे.

तुम्ही न विचारलेली एक गोष्ट मला जास्त सतावते. एक रॉ फाइल २५ एमबीची धरली तरी तुमच्या ३० लग्नांचे वर्षाला सव्वादोन टीबी होतात. ते सगळं तळमजल्यावरच्या दुकानात आहे का? ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तुमच्या भागात काय झालं ते तुम्ही पाहिलंय, २०२१ लाही पाहिलं. लग्नाचे फोटो गेले तर पार्टीला पैसे परत करून भागत नाही, ते लग्न पुन्हा होत नाही. ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क घ्या, एक दुकानात आणि दुसरी पाण्यापासून लांब, उंचावरच्या एखाद्या नातेवाइकाकडे. माझ्या मते पहिला खर्च हाच.

दीड लाख म्हणजे तुमच्या घरखर्चाचे चातुर्मासातले चार महिने, जास्तीत जास्त पाच. लग्नं थांबली की तेवढाच आधार. ती ठेव पतसंस्थेत असेल तर पाच लाखांचं ठेवविमा संरक्षण तिला लागू नाही. ते बँकांच्या ठेवींना असतं, तेवढं तपासून घ्या.

डिस्क आत्ताच घ्या. वर्गणी घ्यायचीच ठरली तर तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या ऑर्डरचा आगाऊ हातात आल्यावर, त्यातून भरा. आणि पहिली चार-पाच लग्नं निम्मं काम बाहेरच्या माणसाकडे चालू ठेवा. ऐन हंगामात तुमचा हात अडला तर तो लागेल.